पोवाड्याआधीचा मुलगा

'अ विझर्ड ऑफ अर्थसी' या कादंबरीच्या पहिल्याच परिच्छेदात उर्सुला ले ग्विन शेवट सांगून मोकळ्या होतात. गाँट नावाच्या डोंगराळ बेटावर जन्मलेला गेड हा मुलगा पुढे ड्रॅगनांशी बरोबरीने बोलणार आहे, सगळ्या जादूगारांचा महागुरू होणार आहे, आणि त्याच्या पराक्रमाचा पोवाडा बेटोबेटी गायला जाणार आहे. एवढं सांगून त्या म्हणतात की ही हकिकत त्याच्या कीर्तीच्या आधीची आहे, गाणी रचली गेली त्याच्याही आधीची.

म्हणजे ही पूर्वकथा झाली. पण कशाची? 'गेडचा पोवाडा' आपल्या जगात कुठेच नाही. ले ग्विननी तो लिहिलेला नाही. ज्या महाकथेचा पाया म्हणून हे पुस्तक स्वतःची ओळख करून देतं, ती महाकथाच अस्तित्वात नाही. एरवी प्रीक्वेल जन्माला येतं ते मूळ कथा गाजल्यावर. लेखक, नाहीतर त्याचे वारसदार, मागे वळतात आणि नायकाच्या गालावरचा व्रण कसा पडला, त्याची तलवार कुठून आली, असल्या रिकाम्या जागा भरत बसतात. त्यात एक अडचण कायमची असते. नायक मरणार नाही हे वाचकाला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे प्रत्येक संकट थोडं लुटुपुटुचं वाटतं. ले ग्विननी ही अडचण अंगावर ओढून घेतली आहे. 'हा वाचेल का' हा प्रश्न त्या पहिल्या पानावरच निकालात काढतात आणि दुसरा, जास्त अवघड प्रश्न वाचकाच्या हाती देतात. इतक्या मोठ्या माणसाच्या घडण्याची गोष्ट पोवाड्यात का नाही?

पुस्तक 1968 सालचं. त्याच्या चार वर्षं आधी, 1964 मध्ये, ले ग्विननी अर्थसीच्या द्वीपसमूहावर दोन लघुकथा लिहिल्या होत्या. मग बर्कलीच्या पार्नासस प्रेस या छोट्या प्रकाशनसंस्थेने त्यांच्याकडे थोड्या मोठ्या मुलांसाठी कादंबरी मागितली. किशोरांसाठी लिहिण्याची कल्पना त्यांना आधी फारशी रुचली नव्हती. पुढे एका निबंधात त्यांनी सांगितलं आहे की गोष्टींमधले जादूगार नेहमी म्हातारेच असतात, पांढऱ्या दाढीचे, तर त्या दाढीच्या आधी ते कोण होते, ती विद्या ते कुठे आणि कशी शिकले, या कुतूहलातून कादंबरीचं बीज रुजलं. त्या काळी पांढऱ्या दाढीचा जादूगार म्हटलं की वाचकांच्या डोळ्यांसमोर टॉल्किनचा गँडाल्फ यायचा. तेव्हा हे पुस्तक एका अर्थी त्या सगळ्या म्हाताऱ्यांचीच पूर्वकथा आहे. जादूगारांची शाळा हा प्रकारही आज हॅरी पॉटरमुळे घरोघरी माहीत आहे. ले ग्विन तो एकोणतीस वर्षं आधी लिहून बसल्या होत्या, आणि दहा प्रकरणांच्या पुस्तकात त्यांनी त्या शाळेला फार थोडी जागा दिली. त्यांच्या मते शिक्षण बरंचसं शाळेबाहेर होतं.

निवेदनाचा सूर पाहण्यासारखा आहे. ले ग्विनचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे मानववंशशास्त्रज्ञ, कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांच्या भाषा आणि कथा टिपून ठेवणारे. आई थिओडोरा यांनी 'याही' नावाच्या जमातीतल्या इशी या शेवटच्या माणसावर पुस्तक लिहिलं. मौखिक परंपरा कशी बोलते, काय जपते आणि काय टाकून देते, हे मुलीने घरातच ऐकलं असणार. कादंबरीचा निवेदक एखाद्या बखरकारासारखा आहे. अमुक बेटावर अजून असं सांगतात, तमुक गावी अशी म्हण आहे, अशा थाटात तो बोलतो. वर्णनांचा सोस नाही, मनोविश्लेषण नाही, विनोद अगदी कमी. वाक्यं मोठ्याने वाचली तर त्यांचा तोल कळतो. या सुरामुळे एक चमत्कारिक गोष्ट साधते. बखरकार तर सगळं काळाच्या फार पलीकडून सांगतोय, पण जे सांगतोय ते बखरीत बसणारं नाही. मुलाची शरम, मुलाचा मत्सर, पावसात भिजताना त्याला आलेली चीड.

सुरुवात शेळ्यांपासून होते. डनी हे या मुलाचं आईने ठेवलेलं नाव. आई तो वर्षाचा व्हायच्या आत गेलेली, बाप गावचा कासार, ब्राँझ ठोकणारा, अबोल आणि कडक. मावशी गावची चेटकीण. तिचं पोराकडे फारसं लक्ष नसतं. सात वर्षांचा असताना तो तिला छपरावर चढलेल्या शेळीला उद्देशून काहीतरी पुटपुटताना ऐकतो आणि शेळी टुणकन खाली येते. दुसऱ्या दिवशी रानात तो तेच शब्द स्वतःच्या शेळ्यांवर टाकतो. शेळ्या येतात. इतक्या येतात की त्याला चिकटून बसतात, शिंगाला शिंग लागतं, पिवळ्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत राहतात आणि सोडतच नाहीत. तो घाबरून पळत सुटतो, तर तो सगळा गठ्ठा त्याच्याबरोबर गावात घुसतो. लोक हसतात, शिव्या घालतात. मावशी हसत नाही. पोराच्या अंगात काय आहे हे तिच्या एकदम ध्यानात येतं.

सगळी कादंबरी या शेळ्यांमध्ये दडलेली आहे. बोलावणं जमलं, सोडवणं जमलं नाही. पुढे तो मृतांच्या जगातून काहीतरी बोलावून आणेल तेव्हाही नेमकं हेच होणार आहे, फक्त तेव्हा हसायला कोणी नसेल. उत्तम कथाकार मोठ्या संकटाची आधी लहान, गमतीदार तालीम करून घेतो आणि वाचकाला तिचा सुगावा लागू देत नाही. याच प्रसंगाचं शेपूटही तितकंच सूचक आहे. विद्येचं गुपित पोराने बाहेर फोडू नये म्हणून मावशी मंत्राने त्याची जीभ बांधते. त्याला बोलता येत नाही, पण तो हसतो. त्या हसण्याने मावशी मनातून चरकते.

आपल्याकडे महिपतीबुवांच्या संतचरित्रांत थोर माणूस जन्मतःच पुरा असतो. ज्ञानेश्वर रेड्याकडून वेद वदवतात तेव्हा त्यांच्या मनात चुकण्याची शंकाही नसते. बालपण हे तिथे पुढल्या थोरवीचं लहान आकारातलं रूप. ले ग्विनचा मुलगा मात्र मोठ्या शक्तीचा आणि कच्च्या मनाचा आहे, आणि या दोन गोष्टींमधलं अंतर हाच पुस्तकाचा विषय. कार्ग लोक गावावर चालून येतात तेव्हा तो धुकं विणून सगळं गाव लपवतो. पोवाड्यात शोभेल असा हा प्रसंग. पण त्यानंतर तो दगडासारखा पडून राहतो, बोलत नाही, खात नाही. शक्ती संपेपर्यंत खर्चली, कारण किती खर्चायची हे कोणी शिकवलेलंच नव्हतं. मग रे आल्बीचा ओगिअन येतो, मौनी म्हणून ओळखला जाणारा, एकेकाळी भूकंप थोपवलेला. तो मुलाला बरं करतो आणि तेराव्या वाढदिवशी त्याचं नामकरण करतो.

अर्थसीत प्रत्येकाचं एक खरं नाव असतं. ते फार विश्वासाच्या माणसालाच सांगायचं, कारण ज्याला नाव कळलं त्याच्या हाती त्या माणसाचा जीव. मावशी आधी आईने ठेवलेलं नाव काढून घेते. मग मुलगा निनावी, उघडा, आर नदीच्या गारठलेल्या उगमातून चालत पलीकडे जातो आणि तिथे ओगिअन त्याच्या कानात सांगतो, गेड. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हा प्रसंग परका वाटणार नाही. फरक असा की इथे ज्याचं नाव ठेवलं जातं तो ते ऐकण्याइतका, आणि पुढे त्या नावाला पारखा होण्याइतका, मोठा आहे.

ओगिअनबरोबरच्या वाटचालीचं जे प्रकरण आहे ते मला या पुस्तकातलं सर्वांत श्रीमंत वाटतं, आणि त्यात जवळपास काहीच घडत नाही. गेडला वाटलेलं असतं की महाजादूगाराचा शिष्य झालो म्हणजे उद्यापासून पक्ष्यांची भाषा कळणार, पानांचा आवाज समजणार, आपल्या शब्दासरशी वारा वळणार. प्रत्यक्षात ते दोघं नुसते चालतात. दिवसेंदिवस. शेवटी न राहवून तो विचारतो की माझं शिक्षण कधी सुरू होणार. ओगिअन म्हणतो, सुरू झालंय. गेड म्हणतो, पण मी तर अजून काहीच शिकलो नाही. त्यावर ओगिअन एवढंच सांगतो की मी काय शिकवतोय ते तुला अजून सापडलेलं नाही. मग वाटेवरची एक वनस्पती दाखवून तो तिचं नाव विचारतो. नाव गेडला ठाऊक नसतं. ते कळल्यावर त्याचा पुढचा प्रश्न लगेच येतो, हिचा उपयोग काय? ओगिअनला तरी कुठलाच उपयोग माहीत नाही. ती वनस्पती सगळ्या ऋतूंत, मुळापासून बीपर्यंत, वासाने आणि नजरेने ओळखीची झाली म्हणजे तिचं खरं नाव कळेल, आणि ते उपयोगापेक्षा मोठं आहे, असं तो सुचवतो आणि उलट विचारतो की तुझा तरी उपयोग काय, माझा तरी काय.

आणि मग पाऊस. गाँटवर पाऊस आला की गावोगावचे किरकोळ हवामान-मांत्रिक तो मंत्राने पुढे ढकलतात, हा बाजूच्या डोंगरावर, तो त्याच्याही पुढे, असा तो ढग बिचारा समुद्रावर जाऊन बरसेपर्यंत टोलवाटोलवी चालते. ओगिअन यातलं काही करत नाही. तो एक दाट देवदाराचं झाड शोधतो आणि खाली आडवा होतो. गेड मात्र गळक्या झुडपात चिडून बसून राहतो. वापरायचीच नाही तर एवढी शक्ती हवी कशाला, त्यापेक्षा खोऱ्यातल्या म्हाताऱ्या हवामानवाल्याकडे शिष्य राहिलो असतो तर निदान कोरडं तरी झोपलो असतो, असं त्याच्या मनात येतं. तेरा वर्षांच्या मुलाची ही कुरकुर इतकी रास्त आहे की वाचताना आपणही गेडच्याच बाजूने असतो. ले ग्विन ओगिअनची बाजू मांडत नाहीत. झाडाखाली झोपलेला म्हातारा आणि पावसात तळमळणारा मुलगा, एवढं चित्र ठेवून त्या पुढे जातात. ले ग्विनचा लाओत्सेचा व्यासंग जुना, 'ताओ ते चिंग'ची आपली इंग्रजी आवृत्तीही त्यांनी 1997 मध्ये काढली. न करण्यातलं करणं हा ताओचा गाभा त्यांनी इथे तत्त्वज्ञानाचं एक वाक्य न लिहिता पावसात भिजवून दाखवला आहे.

रे आल्बीच्या जहागीरदाराची मुलगी गेडला डिवचते, तुला येतं तरी काय असं सुचवते, आणि तो ओगिअनच्या ग्रंथांतून मृतांना बोलावण्याचा मंत्र वाचायला बसतो. वाचता वाचता डोळा निघत नाही. भान येतं तेव्हा अंधार झालेला असतो आणि दाराशी अंधाराहून गडद असं काहीतरी उभं असतं. ओगिअन येऊन ते घालवतो. मग तो गेडला निवड देतो, इथेच राहा किंवा रोक बेटावरच्या विद्यालयात जा. गेड रोक निवडतो. त्याला ओगिअन आवडतो, हे ले ग्विन नेमकं त्याच क्षणी सांगतात, पण त्याला घाई आहे. ज्या जहाजातून तो जातो त्याचं नाव 'शॅडो'. इतका उघड संकेत एखाद्या हलक्या लेखकाने केला असता तर आपण नाक मुरडलं असतं. बखरीच्या सुरात तो खपून जातो.

रोकच्या शाळेत दोन दारं आहेत, असं म्हटलं तरी चालेल, जरी दार एकच आहे. आत येताना द्वारपाल म्हणतो, येता आलं तर ये. गेड पाऊल टाकतो आणि पुन्हा बाहेरच असतो. येत असलेले सगळे मंत्र तो वापरून बघतो. शेवटी हरून कबूल करतो की तुमच्या मदतीशिवाय मला आत येता येणार नाही. द्वारपाल म्हणतो, तुझं नाव सांग. काही वर्षांनी विद्या पुरी करून बाहेर पडताना तोच द्वारपाल अट घालतो, माझं नाव शोधून काढ. आता गेडकडे खूप विद्या आहे. पण ती इथे कामाची नाही हे त्याला विचारांती कळतं. तो परत येतो आणि सरळ विचारतो, तुमचं नाव काय? द्वारपाल हसून सांगतो. पहिल्या वेळी असहाय होऊन आणि दुसऱ्या वेळी समजून, पण दोन्ही वेळा दार उघडतं ते आपल्याला जमत नाही हे मान्य केल्यावरच. या दोन प्रसंगांच्या मध्ये जे घडतं ते इतकं भयंकर आहे की त्यांची जोडी बऱ्याच वाचकांच्या ध्यानात येत नाही.

घडतं ते असं. जॅस्पर नावाचा देखणा, सभ्य भाषेत टोचणारा सहाध्यायी. वेच नावाचा साधा, काळसर वर्णाचा, मनाने मोकळा मित्र. हस्तविद्येचे गुरू गारगोटीचा हिरा करून दाखवतात आणि बजावतात की हा आभास आहे. खरंच हिरा करायचा तर दगडाचं नाव बदलावं लागेल, म्हणजे जगच बदलावं लागेल, आणि त्याचे बरेवाईट परिणाम कळल्याखेरीज एक खडासुद्धा हलवू नये. गेडला हे ऐकू येतं, पटत नाही. उन्हाळ्यातल्या एका रात्री जॅस्परशी ईर्ष्येला पडून तो रोकच्या टेकडीवर हजार वर्षांपूर्वी मेलेल्या एल्फॅरन नावाच्या स्त्रीला बोलावतो. ती दिसतेही, क्षणभर. मग जगाला जणू चीर पडते आणि त्या चिरेतून एक बिनतोंडाचं काळं काहीतरी उडी मारून त्याच्या चेहऱ्यावर झडप घालतं. ती चीर बुजवताना म्हातारे महागुरू नेमर्ल आपली सगळी ताकद ओततात आणि त्यातच जातात. गेड जगतो. चेहऱ्यावर कायमचे व्रण, बोलणं अडखळत, आणि मोकळं सुटलेलं ते सावट कुठेतरी त्याची वाट पाहत.

या नंतरची पानं वाचकांना कंटाळवाणी वाटतात असं मी ऐकलं आहे. मला ती पुस्तकाच्या पाठीचा कणा वाटतात. बरा झाल्यावर गेड वर्गात मागे पडलेला असतो. पूर्वी जे सहज येत होतं त्याला आता हात लावायची भीती वाटते. लहान मुलांबरोबर बसून तो पुन्हा शिकतो. त्याला कोणी रागावत नाही आणि कोणी समजावतही नाही. वेच निघून जाण्याआधी त्याला भेटायला येतो आणि काहीही न मागता आपलं खरं नाव देतो, एस्टॅरिअल. ज्या मुलाने नुकतंच नावांच्या विद्येने एका माणसाचा बळी घेतला त्याला कोणीतरी आपला जीव हातात ठेवायला देतं. गेडला आपलंही नाव परत देण्याखेरीज सुचत नाही. मैत्रीचा याहून काटकसरीने लिहिलेला प्रसंग मला कल्पित साहित्यात चटकन आठवत नाही.

पुढचा प्रवास मी भराभर सांगतो, कारण ले ग्विनही तो भराभर सांगतात. लो टॉर्निंगच्या कोळ्यांमध्ये गेड राहतो. नावा बांधणाऱ्या मित्राचं पोर मरायला टेकतं, आणि मरणाऱ्याला जाऊ द्यावं हा वैद्यकीतला पहिलाच धडा विसरून तो त्याच्यामागे मृतांच्या प्रदेशात उतरतो. परततो तेव्हा दगडांच्या बुटक्या भिंतीपाशी सावट उभं. गेडला शुद्धीवर आणतो तो त्याचा ओटॅक नावाचा पाळीव प्राणी, जीभ फिरवून. मग पेंडॉरच्या ड्रॅगनची गाठ. दुसऱ्या कुठल्याही पुस्तकात हा शेवटचा सामना ठरला असता, इथे तो मधल्या प्रकरणात उरकून जातो. जुन्या हकिकतींवरून गेडने ड्रॅगनचं नाव ताडलेलं आहे, आणि नाव कळल्यावर लढाई उरत नाही. ड्रॅगन एक सौदा मांडतो, मला सोड, मी तुला त्या सावटाचं नाव सांगतो. गेड ते नाकारून बेटांवरच्या लोकांची सुरक्षितता मागून घेतो. पोवाड्यात हा प्रसंग नक्की आला असणार. पण पोवाडेकाराला ड्रॅगन दिसला असेल, नाकारलेला सौदा दिसला असेल का, मला शंका आहे.

पाठलाग करणारं सावट, ऑस्किलची थंडी, दगडातल्या जुन्या शक्तीचा मोह, ससाणा होऊन केलेलं पलायन. पक्ष्याच्या रूपात इतका काळ राहिलेला की माणूसपण विसरत चाललेला गेड गाँटला ओगिअनच्या मनगटावर येऊन बसतो. ओगिअन त्याला ओळखतो आणि परत माणसात आणतो. मग त्या मौनी माणसाच्या तोंडून कादंबरीतला निर्णायक सल्ला येतो, आणि तो केवळ दिशेविषयीचा आहे. पळू नकोस, मागे वळ, जे तुझी शिकार करतंय त्याची तू शिकार कर. इथून गेड पाठलाग करू लागतो, आणि तेच सावट त्याच्यापुढे पळू लागतं.

शेवटच्या प्रवासाआधी ले ग्विन एक घर मध्ये आणतात. इफिश बेटावर वेचचं घर, त्याची चौदा वर्षांची बहीण यॅरो, चुलीपाशी बसलेलं पाळीव इवलंसं जनावर, जेवणाची तयारी. यॅरो सरळ मनाने विचारते की तुम्ही जादूने जेवण का करत नाही. दोघं हसत समजावतात की मंत्राचं अन्न म्हणजे नुसते शब्द, पोट त्याने भरत नाही. सगळ्या पुस्तकभर भय, थंडी, समुद्र. आणि इथे चूल. गेडला पहिल्यांदा असं काही दिसतं जे त्याच्या विद्येच्या आधीपासून आणि तिच्याशिवाय पुरतं आहे. हे प्रकरण काढून टाकलं तर कथानकाला काही बाधा येत नाही. गेडला मात्र येते.

मग दोघं मित्र पूर्वेला, शेवटच्या बेटाच्याही पलीकडे. समुद्राची वाळू होते. सावट समोरून येतं, बापाचा चेहरा घेऊन, जॅस्परचा घेऊन, बदलत बदलत. गेड त्याला नावाने हाक मारतो. त्याच क्षणी सावटही तेच नाव उच्चारतं. नाव एकच आहे, गेडचं. सामना नाही, विजय नाही, दोघं एक होतात. वेचला वाटतं मित्र गेला. मग वाळूचं पाणी होतं, होडीत ओढून घेतलेला गेड सांगतो की मी पुरा झालो, मोकळा झालो, आणि लहान मुलासारखा रडतो. पुष्कळ समीक्षकांनी यात युंगची सावलीची कल्पना पाहिली आहे. ले ग्विननी सांगितलं आहे की हे लिहिताना त्यांनी युंग वाचलेला नव्हता, आणि ते खरं असणार, कारण सिद्धान्त वाचून लिहिलेल्या प्रतीकात असली खारी हवा नसते.

आता पोवाड्याचा प्रश्न. अखेरच्या ओळींत बखरकार परततो आणि सांगतो की गेडच्या पोवाड्यात या प्रवासाचा उल्लेखच नाही. एस्टॅरिअलने गाणं रचायचं म्हटलं होतं, रचलंही असेल, पण ते हरवलं. पूर्वेच्या बेटांवर खोल समुद्रात वाळूवर रुतलेल्या एका होडीची गोष्ट सांगतात, पण एका बेटावर ती एस्टॅरिअलची, दुसऱ्यावर वादळात सापडलेल्या दोन कोळ्यांची, तिसऱ्यावर आणखी कोणा स्थानिक कोळ्याची. ज्या प्रवासाने गेड गेड झाला तोच प्रवास लोकांच्या स्मरणात निनावी झाला. पोवाडा ड्रॅगन जपतो. स्वतःच्या अहंकाराने स्वतःमागे लावून घेतलेलं सावट आणि त्याला स्वतःचंच नाव देणं, हे डफावर गायचं कसं?

पुस्तकाला मर्यादा आहेत. बायकांची जादू दुबळी आणि वाईट, अशा अर्थाच्या गाँटमधल्या म्हणी निवेदक निमूटपणे नोंदवतो. मावशी अडाणी, जहागीरदाराची मुलगी मोहात पाडणारी. यॅरो सोडली तर बाई म्हणजे अडथळा. ले ग्विननी 1990 च्या 'तेहानू'मध्ये हा हिशेब मोठ्या धैर्याने पुन्हा मांडला. दुसरी एक गोष्ट मात्र 1968 मध्येच त्यांनी धीटपणे केली. गेड तांबूस तपकिरी, वेच काळा, आणि गोरे असतील तर ते हल्ला करणारे कार्ग. हे त्या सुरुवातीला ठणकावून सांगत नाहीत. गोऱ्या वाचकाचा जीव गेडवर जडल्यावर मध्येच कुठेतरी त्याचा वर्ण सांगून जातात. 2004 च्या दूरचित्रवाणी मालिकेने गेडला गोरा करून टाकला तेव्हा त्यांनी जाहीर लेख लिहून खडसावलं.

मूळ पुस्तकानंतर तेहतीस वर्षांनी, 2001 मध्ये, 'टेल्स फ्रॉम अर्थसी' या संग्रहात ले ग्विननी खरीखुरी पूर्वकथा लिहिली, 'द बोन्स ऑफ द अर्थ'. ती ओगिअनची. कथा सुरू होते पावसाने. रे आल्बीचा म्हातारा जादूगार डल्स हाडं ठणकत घरात बसलेला आहे आणि लहानसा मंत्र टाकून हा पाऊस डोंगरापलीकडे धाडावा असा मोह त्याला होतो आहे. ज्याने गेडची गोष्ट वाचलेली असेल त्याला हसू येतं. झाडाखाली शांत झोपणाऱ्या ओगिअनच्या गुरूलाही पावसाचा वैताग येत होता तर! डल्सकडे एक अबोल मुलगा शिकायला आलेला असतो, त्याला तो मौन म्हणूनच हाक मारतो. मग डोंगराच्या पोटात भूकंप जमू लागतो.

1968 च्या पुस्तकात ओगिअनची ओळख करून देताना भूकंप थोपवणारा एवढंच विशेषण येऊन गेलं होतं. त्या अर्ध्या ओळीखाली काय होतं ते इथे उलगडतं. बंदरावर उभा राहून कडे सांभाळतो तो तरुण ओगिअन, आणि लोकांना तोच दिसतो. डोंगराच्या आत उतरून, स्वतःचं शरीर दगडांच्या स्वाधीन करून भूकंप धरून ठेवतो तो डल्स, खरं नाव हेलेथ, आणि तो परत येत नाही. गाँटच्या आठवणीत श्रेय ओगिअनला गेलं. इथेही गाणं चुकीच्या माणसाला लागलं आहे. आणि ले ग्विन तिथेही थांबत नाहीत. डल्सने वापरलेला मंत्र रोकच्या शाळेतला नव्हताच, तो त्याला आर्ड या त्याच्या गुरूने शिकवला होता. आर्ड ही बाई होती. 1968 मध्ये म्हणी ऐकवून ज्यांची विद्या दुबळी म्हटली होती त्यांपैकी एकीच्या मंत्रावर गाँटचं बंदर उभं राहिलं, गेडला माणसात परत आणणारा ओगिअन त्यामुळेच नाव कमावून राहिला, आणि आर्डवर पोवाडा सोडा, एखादी म्हणसुद्धा कोणी ठेवली नाही.